पऱ्याच्या अलीकडे

नितेश शिगवणच्या बापाकडे एक काम होतं, त्याला नाव नव्हतं.

सदू शिगवण मुंबईत औषधांच्या गोदामात नोकरीला होता आणि परळला वाडीच्या खोलीत राहायचा. वाडीची खोली म्हणजे दापोली तालुक्यातल्या एकाच वाडीतल्या पुरुषांनी मिळून धरलेली खोली. भिंतीला पेट्या, पेट्यांवर वळकट्या, मधे एक माणूस जाईल एवढी वाट. गावात कुणी मेलं की फोन या खोलीवर यायचा आणि तो सदूलाच द्यायचा, असं कधीतरी ठरून गेलं होतं. ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याच्या हातात फोन द्यायचा नाही. सदू त्याच्या कामावर जायचा, मालकाशी बाजूला दोन शब्द बोलायचा, आणि मग त्याला सांगायचा, "चल. बाबा सिरियस हायत."

सिरियस या शब्दाचा अर्थ आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. जो खरोखर आजारी आहे त्याला 'बरं नाही' म्हणतात, फार झालं तर 'ॲडमिट केलंय' म्हणतात. सिरियस म्हणजे गेला. ऐकणाऱ्याला ते कळतं. त्याला कळलंय हे सांगणाऱ्यालाही कळतं. तरी गाव येईपर्यंत दोघांपैकी कुणी तो शब्द फोडत नाही. तो मधला प्रवास म्हणजे त्या माणसाला दिलेली सवड असते.

सदूची रीत होती. आधी खायला घालायचं, मग गाडीत बसवायचं. जागा खिडकीची द्यायची. चार्जिंग संपेल म्हणून त्याचा मोबाइल आपल्या खिशात ठेवायचा. वाडीच्या अलीकडे एक पऱ्या आहे. पावसाळ्यात रस्ता अडवणारा आणि होळीपर्यंत नुसते गोटे उरणारा ओढा. तिथे उतरायचं. पाणी असलं तर पऱ्यातलं, नसलं तर बाटलीतलं, तोंड धुवायला लावायचं. तो ओला चेहरा वर करील तेव्हा खांद्यावर हात ठेवायचा. बोलायचं काहीच नाही. पऱ्यापलीकडून बायकांचा आवाज येतच असायचा.

"सदूनं माणूस कधी रडवत आणला नाय," असं वाडीत म्हणत.

नितेशनं हे लहानपणापासून पाहिलं होतं. पुढे सदूचे गुडघे गेले, तो गावी परतला, आणि काम न सांगता मुलाकडे आलं. दापोलीला शिकत असताना, लोटे एमआयडीसीत कामाला असलेल्या दीपकला, चुलतभावाला, त्याचा बाप गेला तेव्हा नितेशनंच आणलं होतं. वाटेत वडापाव, खिडकी, मोबाइल खिशात. पऱ्यावर दीपकनं तोंड धुतलं आणि स्वतःच म्हणाला, "मला भरणे नाक्यालाच कळलं होतं रे." नितेश म्हणाला, "मला ठाऊक होतं." यापेक्षा जास्त ते दोघं त्या विषयावर कधीच बोलले नाहीत.

नितेश दिसायला साधा, बोलायला कमी. कृषी विद्यापीठात उद्यानविद्येच्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होता. काजूच्या कलमांवर त्याचा प्रबंध होता. समोरच्याचं तोंड बघून त्याला काय हवंय ते नितेशला कळायचं. कुणाला भूक लागलीय, कुणाला एकटं सोडायला हवं. त्यात विशेष काही आहे असं त्याला वाटत नव्हतं. विशेष आहे असं त्याला पुण्याहून आलेल्या एका बाईंनी सांगितलं आणि तिथून गोष्ट सुरू झाली.

त्या माघात विद्यापीठात बाईंचं शिबिर होतं. भावनिक बुद्धिमत्ता आणि निर्णय, आणि वेगवेगळ्या देशांतली मुलं ते कशी घेतात, असा विषय. बाहेरच्या देशांतली काही मुलं दापोलीत शिकायला असतात, म्हणून बाई दापोलीला आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "मित्राच्या घरून वाईट बातमी आली. ती त्याच्याआधी तुम्हाला कळली. काय कराल?"

मुरुडची सानिका पहिली उठली. "लगेच सांगेन. माझी बातमी घेऊन दुसरा कोणी बसून राहिला तर मी त्याला चपलेनं मारीन."

सगळे हसले. मग नितेशला उठवलं. त्यानं बापाची रीत सांगितली. वडापाव, खिडकी, पऱ्या.  बाई म्हणाल्या, "मी ज्याच्यावर दोन दिवस बोलतेय, ते या मुलानं पाच मिनिटांत सांगितलं." टाळ्या पडल्या.

त्याच्या शेजारी बेरेकेत बसला होता, त्याचा खोलीसोबती. बाईंनी त्यालाही विचारलं. तो म्हणाला, "मी सगळ्यांना बोलावीन."

"भोंगा लावून?" वेळणेश्वरचा ऋत्विक मागून ओरडला. पुन्हा हशा. बेरेकेतही हसला आणि खाली बसला. म्हणजे काय, असं त्याला कुणी विचारलं नाही. बाईंनीही नाही. जेवणाची वेळ झाली होती.

बेरेकेत इथिओपियाचा. उंच, हळू बोलणारा, दापोलीच्या थंडीला हसणारा. त्याला आडनाव नव्हतं. नावापुढे बापाचं नाव, वर्कू, एवढंच. बेरेकेत वर्कू. 'आमच्यात बाप मधे असतो, तुमच्यात शेवटी,' नितेश त्याला म्हणाला होता. खानावळीच्या यमुनाबाईंना ते नाव म्हणता येईना. पण बेरेकेतनं अर्थ सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे बरकत! मग आधी सांगायचंस ना." तेव्हापासून खानावळीत तो बरकत झाला.

त्या दिवसांत त्याचा मोठा उपास चालू होता. ईस्टरच्या आधी त्यांचा असतो तो, कित्येक आठवड्यांचा. मांस नाही, अंडं नाही, दूधतूप नाही. यमुनाबाईंना हा उपास मान्य नव्हता. "वरणभात खातो नि म्हणे उपास! दूध चालत नाही, कांदा चालतो. तुझ्या देवाला कुणी समजावलं नाही काय रे?"

"बाई, तुमचा देव साबुदाणा खातो," बेरेकेत म्हणायचा. "तो तरी कुठे फळ आहे?"

दोघा मित्रांची भाषा म्हणजे इंग्रजी, थोडी हिंदी, आणि बेरेकेतला उचलता आलं तेवढं मराठी. शिबिरानंतर ऋत्विक नितेशला 'इंटेलिजंट' म्हणू लागला. बेरेकेत तसं म्हणत नसे, पण दापोलीत काही झालं तर कळवायचं माणूस म्हणून त्यानं घरी नितेशचाच नंबर दिला होता.

मंगळवारी दुपारी त्या नंबरवर फोन आला. नितेश काजूच्या बागेत होता, मोहरावर माश्या घोंगावत होत्या. फोन बेरेकेतच्या मोठ्या भावाचा, गिर्माचा. लाइन तुटत होती. गिर्मा म्हणाला, आमचे वडील गेले. तो एकटा आहे का? मग आत्ता सांगू नकोस. सकाळी सांग. लोक गोळा कर. पुष्कळ लोक. तोपर्यंत आम्ही कुणी त्याचा फोन उचलणार नाही.

"बरं," नितेश म्हणाला. लाइन गेली.

तो कलमांच्या ओळीत खाली बसला. सकाळी सांग, हे त्याला कळलं नाही. लोक गोळा कर, हे तर मुळीच नाही. ज्याचा बाप गेलाय त्याच्यापुढे माणसं उभी करून ठेवायची? आपल्याकडे पऱ्यापर्यंत माणसं लांब ठेवतात. त्याला वाटलं, लांबच्या देशातला माणूस, दुःखात आहे, त्याला सुचत नाहीये. हे काम आपल्याला येतं. बेरेकेतची शुक्रवारी प्रबंधाची तोंडी परीक्षा होती. आत्ता त्याला हललं पाहिजे, विमान बघितलं पाहिजे, गाइडशी बोललं पाहिजे. सकाळपर्यंत थांबून कसं चालेल?

त्यानं सदूला फोन लावला.

"तो काळा पोरगा? गणपतीला आलेला, आरतीला झांज वाजवणारा?" सदू म्हणाला. "अरेरे. बापूस मोठा होता काय?"

"हो. कसं सांगू?"

"कसं म्हणजे? नेहमीसारखं. सिरियस सांग. खायला घाल, गाडीत बसव." मग सदू थांबला. "गाव किती लांब त्याचं?"

"विमानानं. मुंबईला जायचं, तिथून पुढं."

"मग पऱ्यावर कोण असणार?"

नितेश पायाशी पडलेला मोहर वेचत राहिला.  शेवटी सदू म्हणाला, "मला विमानातलं काय कळत नाय रं. बघ तुझं तू."

संध्याकाळी नितेशनं बेरेकेतला खानावळीत नेलं, समोर बसून पोटभर जेवू घातलं. मग बाहेर आल्यावर, फणसाखाली, म्हणाला, "तुझ्या घरून फोन होता. वडील सिरियस आहेत."

तो त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. दीपकचा चेहरा या शब्दावर असा झाला होता, की आतून कुणीतरी दिवा काढून नेला. बेरेकेतचा चेहरा तसा झाला नाही. तो घाबरला, आणि मग कामाला लागला.

"कुठल्या हॉस्पिटलमध्ये?"

"ते नाही कळलं."

"साखर वाढली असेल. मागच्या वर्षी असंच झालं होतं. माझा एक मित्र तिथे डॉक्टर आहे." त्यानं लगेच फोन लावायला सुरुवात केली. भाऊ उचलत नव्हता. बहीण उचलत नव्हती. डॉक्टर मित्रही उचलत नव्हता.

"धावपळीत असतील," नितेश म्हणाला.

"हो. धावपळीत असतील."

"तू निघायला हवंस. मी गाइडना सांगतो. परीक्षा पुढे घेतील."

बेरेकेतनं फोन खिशात ठेवला. मग म्हणाला, "नाही. मी परीक्षा देऊन जाईन."

"अरे, सिरियस आहेत ते."

"म्हणूनच. बरे झाले की पहिलं विचारतील, परीक्षेचं काय झालं. मी अर्ध्यात सोडून आलो म्हटलं तर पुन्हा आजारी पडतील. तू माझ्या बापाला ओळखत नाहीस."

 आजवर नितेशनं आणि त्याच्या बापानं किती जणांना हा शब्द सांगितला असेल, पण ऐकून कुणी थांबायचं ठरवलं नव्हतं. या शब्दावर काही ठरवायचंच नसतं. नुसतं उठून चालू लागायचं असतं.

"जा तू," तो पुन्हा म्हणाला. "माझं ऐक. जा."

"तू मला ढकलतोयस का?" बेरेकेतनं विचारलं. आवाज चढला नव्हता, पण नितेशनं तो तसा आधी ऐकला नव्हता. "सिरियस म्हणजे सिरियस ना? की आणखी काही?"

इथे सांगता आलं असतं. नितेशचं तोंड उघडलंही. पण त्याच्या घरात मरणाचा शब्द तोंडानं कुणी उच्चारलेला त्यानं ऐकला नव्हता. ज्या बापानं एवढी माणसं घरी आणली, त्यानंसुद्धा एकालाही 'गेले' असं म्हटलं नव्हतं. हात ठेवायचा, एवढंच त्याला शिकवलेलं होतं. आणि इथे पऱ्या नव्हता.

"सिरियस म्हणजे सिरियस," तो म्हणाला.

खोलीवर आल्यावर बेरेकेतनं खिडकीत मेणबत्ती लावली. त्याच्याकडे एक छोटं चित्र होतं, मांडीवर मूल घेतलेल्या आईचं, मोठ्या डोळ्यांचं. त्याच्यापुढे उभा राहून तो त्याच्या भाषेत बोलू लागला. नितेशला शब्द कळत नव्हते, मधे मधे येणारं वर्कू एवढंच कळत होतं. मेलेल्या माणसाला बरं वाटावं म्हणून एक माणूस प्रार्थना करत होता आणि दुसरा खाटेवर बसून ती ऐकत होता. नितेश भिंतीकडे तोंड करून पडला. मेणबत्ती विझेपर्यंत ते चाललं.

बुधवारी दुपारी दोघं बाजारात गेले. सादरीकरणाच्या प्रती काढायच्या होत्या. झेरॉक्सच्या दुकानात गर्दी होती. बेरेकेतनं कागद यंत्रावरच्या पोराकडे दिले आणि सवयीनं पुन्हा बहिणीला फोन लावला.

या वेळी तिनं उचलला.

सकाळ उलटून गेली होती. बहिणीच्या हिशेबानं त्याला केव्हाच सांगून झालेलं होतं, माणसं त्याच्याभोवती बसलेली होती. तिनं हॅलो म्हटलं नाही. तिनं थेट हंबरडा फोडला. नितेश त्याच्या मागे उभा होता, त्याला तो फोनमधून ऐकू आला. भाषा कुठली का असेना, तो आवाज त्याला पाठ होता. पऱ्यापलीकडून येतो तो आवाज.

 फोन बेरेकेतच्या कानाला तसाच होता. यंत्र एकामागून एक कागद बाहेर टाकत होतं. मग तो वळला.

"काल तुला माहीत होतं?"

"हो."

"काल मी त्यांना बरं कर म्हणून मागत होतो. तू तिथे बसला होतास."

"हो."

"तू ऐकत होतास."

नितेशनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बेरेकेतनं तो हात उचलून बाजूला केला. झटकला नाही; टेबलावरची वस्तू उचलून ठेवावी तसा ठेवला. आणि तो चालू लागला. प्रती दुकानातच राहिल्या. खोलीवर जाऊन त्यानं आतून कडी लावली. ती नितेशचीही खोली होती, पण त्यानं दार वाजवलं नाही.

थोड्या वेळानं गिर्माचा फोन आला. तो ओरडत होता, मधेच रडत होता. "मी तुला काय सांगितलं होतं? लोक गोळा कर म्हटलं होतं!"

"मला वाटलं, सांगितल्यानंतर."

"आधी! लोक आधी, शब्द मागून." मग तो जरा निवळला. त्यानं समजावून सांगितलं, जसं शिबिरात कुणी बेरेकेतला समजावायला सांगितलं नव्हतं. त्यांच्याकडे याला मेर्दो म्हणतात. घरापासून लांब असलेल्या माणसाला मरणाची बातमी एकट्यानं सांगत नाहीत. शेजारी, मित्र, गावचे, जे असतील ते सगळे पहाटे त्याच्या दाराशी जमतात. दार उघडून इतकी माणसं दिसली की त्याला कळतंच. मग कुणीतरी एक जण तोंडानं सांगतो आणि सगळे एकदम रडतात.

"पहाटे का?" नितेशनं विचारलं.

"संध्याकाळी सांगितलं तर पुढे रात्र असते."

"आणि एकट्यानं का नाही?"

"एकट्यानं सांगितलं तर ऐकणारा एकटा पडतो." गिर्मा थांबला. "सांगणाराही."

"आता काय करू? त्याला तर कळलं."

"त्यानं ऐकलंय," गिर्मा म्हणाला. "त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही."

नितेश वसतिगृहाच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिला. एरवी बोलायला कमी असलेला माणूस मग उठला आणि खोल्या-खोल्यांतून फिरू लागला. बेरेकेतला नीट न ओळखणाऱ्या पोरांनाही त्यानं सांगितलं. काहींना वाटलं, सही वगैरे हवी आहे. ऋत्विक म्हणाला, "अरे इंटेलिजंट, त्याला कळलंय ना आता? मग सकाळी जाऊन काय सांगायचं, शिळी बातमी?"

सानिका तिथेच होती. "मेलेलं माणूस शिळं होतं काय रे?" ती म्हणाली.

"तसं नाही गो. पण जाऊन करायचं काय?"

"उभं राहायचं. तुला तेवढंच येतं, आणि तेवढंच हवंय." मग ती नितेशकडे वळली. "आणि तू. शिबिरात काय म्हटलं होतं मी, आठवतंय?"

"चप्पल."

"ती बाकी आहे," सानिका म्हणाली आणि मुलींच्या वसतिगृहाकडे गेली, बोलवायला.

नितेशनं बापालाही फोन केला. काय झालं ते सांगितलं. सदूनं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे आपला शब्द त्याला लागू पडला नाय," एवढंच म्हणाला.

गुरुवारी पहाटे दव होतं. वसतिगृहाच्या व्हरांड्यात माणसं जमू लागली, स्वेटर घातलेली, डोळे चोळणारी. नितेशनं मोजली नाहीत, पण जिन्यापर्यंत उभी होती. काहींच्या हातात फोन होते, ते सानिकानं खिशात घालायला लावले. यमुनाबाई खानावळ बंद ठेवून आल्या. सगळ्यांत शेवटी सदू आला. वाडीत मुक्कामाला असलेली एसटी पहाटे सुटते, तिच्यानं.

"आता कसं?" त्यानं मुलाला हळूच विचारलं.

"आता सांगायचं."

"तोंडानं?"

"तोंडानं."

"सगळ्यांदेखत?"

"हो."

सदूनं दाराकडे पाहिलं. मग देवळात शिरताना काढतात तशा त्यानं चपला काढल्या आणि भिंतीला लावून ठेवल्या. ते बघून मागच्यांनीही काढल्या.

नितेशनं दार वाजवलं. आत हालचाल झाली, पण कडी निघाली नाही. त्यानं वाक्य इंग्रजीत तयार केलं होतं. ते त्याला आठवेना. तोंडात आलं ते मराठीच. "बेरेकेत, मी नितेश. सगळे आलेत. तुझे बाबा गेले. वर्कू गेले. मला मंगळवारी कळलं होतं. मी तुला सिरियस म्हटलं."

शब्द बोलून झाल्यावर काहीच झालं नाही. पोरं एकमेकांकडे बघू लागली. कुणीतरी खोकलं. अशा वेळी काय करायचं असतं ते इथे कुणालाच ठाऊक नव्हतं. मग यमुनाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "बरकत रे, अरे माझ्या बाळा, तुझा बापूस गेला रे..." आणि त्यांना पुढे बोलवेना. त्यांच्यामागोमाग सदू रडू लागला. तोंडावर हात न घेता, उभ्याउभ्या, आवाज काढून. एवढी माणसं न रडवता आणणारा आपला बाप रडताना नितेश पहिल्यांदाच बघत होता. त्याला वाटलं, हे सगळं आजचं नसावं. जिन्याशी कुणीतरी मुलगी हुंदके देत होती. तिला बेरेकेतचं नावही नीट येत नव्हतं.

कडी निघाली.

बेरेकेत कालच्याच कपड्यांत होता. त्यानं दारातली माणसं पाहिली, मागची पाहिली, जिन्यापर्यंत नजर नेली. त्याचा चेहरा तेव्हा बदलला. दीपकचा झाला होता तसा. त्यानं दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि मोठ्यानं बापाला हाक मारली. जवळ होता तो सदू. सदूनं त्याला धरलं, म्हणजे कमरेला धरलं, कारण खांदा फार उंच होता. नितेश दाराच्या चौकटीशी उभा होता. बेरेकेतनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

दिवसभर माणसं खोलीत येऊन बसत राहिली. यमुनाबाईंनी वरणभात पाठवला. वर तूप घालायचं नाही, हे त्यांनी नेणाऱ्याला दोनदा बजावलं. बेरेकेतजवळ गावच्या कॉफीच्या कच्च्या बिया होत्या. सानिकानं त्या तव्यावर भाजायला घेतल्या आणि करपवल्या. धूर झाला. बेरेकेत उठला, तिच्या हातातून तवा घेतला, जळक्या बिया निवडून टाकल्या आणि उरलेल्या स्वतः भाजू लागला. त्या दिवशी त्यानं केलेलं ते पहिलं काम.

दुपारी गाइड आले. म्हणाले, परीक्षा पुढे नेऊ, तू घरी जा. बेरेकेतनं त्यांना कॉफीचा कप दिला. मग म्हणाला, "माती झाली. तिथे रडायला माणसं होती. इथेही माणसं झाली. उद्या परीक्षा देतो आणि चाळिसाव्या दिवसाला घरी पोचतो. आमच्यात तो मोठा दिवस असतो."

गाइड गेल्यावर ऋत्विक पुटपुटला, "म्हणजे मंगळवारी ठरवलं होतं तेच ना?"

"मंगळवारी मी ठरवलं नव्हतं," बेरेकेत म्हणाला.  नितेश कप विसळत होता, तो विसळत राहिला.

सदूची गाडी दुपारची होती. नितेश त्याला स्टँडवर सोडायला गेला. बाकावर बसून सदू गुडघे चोळत होता.

"आयक," तो म्हणाला. "माझ्या वेळेला तू लांब कुठं नोकरीला असशील. तुला काय सांगायचं?"

"सांगून टाकायचं."

"मी कसा सांगणार? मीच गेलेला असणार."

"बाबा."

"वाडीत सांगून ठेवतंव. म्हणजे दीपक बिपक सिरियस बोलायचा नाय." एसटी लागली. सदू दांडीला धरून एक एक पायरी चढला, खिडकीशी बसला, आणि मग बाहेर डोकं काढून म्हणाला, "पण खायला घालायचं मात्र सोडू नुको. ते बरोबर हाय."

शुक्रवारी सकाळी खोलीत दोघंच होते. नितेश आदल्या रात्री आपल्या खाटेवर झोपला होता. दार उघडं होतं, एवढाच त्याला परवाना. बेरेकेतनं पांढरा शर्ट घातला. घरून आणलेला टाय काढला, जांभळा, पिवळ्या फुलांचा. आरशासमोर तो बराच वेळ गाठ बांधत आणि सोडत राहिला. झेरॉक्सच्या दुकानातून निघाल्यापासून तो नितेशशी स्वतःहून बोलला नव्हता.

तो आरशातूनच म्हणाला, "हा टाय बापाचा आहे. कसा दिसतो?"

नितेशनं पाहिलं. पूर्वीचा नितेश म्हणाला असता, छान आहे. त्याच्या बापानंही तेच म्हटलं असतं, आणि गाडीत बसवलं असतं.

"वाईट," तो म्हणाला. "फार वाईट दिसतो."

बेरेकेत वळला. त्यानं नितेशच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"खरं?"

"खरं."

बेरेकेतनं पुन्हा आरशात पाहिलं. टायची गाठ घट्ट केली, टोक शर्टावर सरळ केलं.

"माझ्या बापालाही सगळे हेच सांगायचे," तो म्हणाला. "चल, उशीर होतोय."